ट्यूब पेटते म्हणून मेंदू पेटत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या परळी भागात थर्मल वीज केंद्रामुळं शिवारातून विजेच्या टॉवरच्या लाईनी लई, अन् हल्ली कुणाला झोप लागंना, डोकं दुखायलं, चिडचिड वाढली की पारावर एकच निदान, तारांच्या लहरी मेंदूत शिरल्या. पुरावा म्हणून मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात, गडी 400 केव्हीच्या (चार लाख व्होल्टच्या) लाईनखाली नुसती ट्यूब धरून उभा अन् ट्यूब पेटलेली!

आता ट्यूब पेटते हे खरंच आहे, पण ती विद्युत क्षेत्रानं पेटते अन् ते क्षेत्र अंगाच्या आत लाखो पटीनं कमी होतं. चुंबकीय क्षेत्र मात्र आरपार जातं, मान्य, पण लाईनखाली ते 20 मायक्रोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) आसपास, अन् नुसतं डोळ्यापुढं चमकायला सुद्धा हजारो मायक्रोटेस्ला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2005 लाच सांगितलंय की असा त्रास होणाऱ्यांना न सांगता क्षेत्र चालू-बंद करून बघितलं तर त्यांना ते ओळखता येत नाही. म्हणून त्रास खोटा होत नाही, दुखतं त्याला दुखतंच, कारण दुसरं आहे एवढंच.

पण सगळंच झटकून टाकू नका. 2002 साली कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं हे चुंबकीय क्षेत्र 'कदाचित कॅन्सरकारक' गटात टाकलं, ते लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमुळं. सिद्ध काही झालेलं नाही, तरी लाईनखाली आखाडा (शेतातलं घर) बांधून लेकरं झोपवू नयेत असं मला वाटतं. अन् लहरी अडवतात म्हणून मोबाईलला चिकटवायच्या 'रेडिएशन चिपा' विकणारे गावात आले तर त्यांना चहा पाजून वाटं लावा.

राहिली झोप. अहो, पंपाची थ्री फेज लाईट रातची येते, माणूस बॅटरी घेऊन चिखलात दारं धरतो (पिकाला पाणी देतो), साप-इंचवाची भीती, पेटीला हात लावताना शॉकची भीती, सकाळी परत कामाला, अन् असं आठवडाभर चाललं की कुणाचंबी डोस्कं फिरंल, त्याला लहरी कशाला पाहिजेत? सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा लाईट देणार म्हणतात, ती आमच्या फिडरला (गावाच्या वीजवाहिनीला) कधी येणार तेवढं तुमच्या पेपरातून संबंधितांना विचारा.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. परळी, जि. बीड