कॉमिक्सची चित्रभाषा जपायला हवी

माननीय संपादक,
सुपरहिरोंच्या कॉमिक्सवर चित्रपट निघाला, की तो मूळ कथेशी किती प्रामाणिक आहे यावरच चाहते हमरीतुमरीवर येतात. मला मात्र कॉमिक्सच्या चित्रभाषेचे पडद्यावर काय होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. १९६२ मध्ये स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांनी घडवलेला पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडर-मॅन, जाळे फेकण्याचे यंत्र स्वतः बनवतो. २००२ च्या ‘स्पायडर-मॅन’ चित्रपटात ते जाळे थेट मनगटातून निघते आणि त्या पोरक्या मुलाची हुशारी झाकली जाते, याची खंत मला आजही वाटते.

याउलट २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ या ॲनिमेशनपटाचा नायक पीटर नसून माइल्स मोरालेस असला, तरी कॉमिक्स वाचल्याचा आनंद तिथेच पुरेपूर मिळतो. कोळी चावल्यानंतर माइल्सचे विचार चौकटींत उमटू लागतात, रंगांतून जुन्या छपाईचे ठिपके डोकावतात आणि तो नवखा असेपर्यंत त्याची हालचाल सेकंदाला २४ ऐवजी १२ चित्रांतच दाखवल्याने, सराईत पीटरशेजारी झोके घेताना त्याचे अडखळणे आपल्या डोळ्यांनाच जाणवते.

– एक कॉमिक्सप्रेमी वाचक, पुणे