सब-पॅनेलची केबल आणि पाइप: खोदाई सुरू होण्याआधी

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : मीटर रूम ते मागचं पंप हाउस या भूमिगत केबलचा आणि पाइपचा आकार

स.न.वि.वि.

पंप हाउसशेजारी बसणाऱ्या नव्या सब-पॅनेलचं (चार्जर आणि पंपाला वीज वाटणाऱ्या पेटीचं) कोटेशन समितीने नोटीस बोर्डावर लावलं, हे फार बरं केलं. वर्क ऑर्डर निघण्याआधी त्यातल्या एका ओळीबद्दल लिहितो आहे. ‘३.५ कोअर, २५ स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल, ५० एमएम डीडब्ल्यूसी पाइपमधून’ अशी ती ओळ आहे. (कोअर म्हणजे केबलमधली एकेक तार, आर्मर्ड म्हणजे पोलादी कवचाची, डीडब्ल्यूसी म्हणजे दुहेरी भिंतीचा प्लास्टिक पाइप.) ठेकेदाराने ही केबल अँपिअर बघून निवडली आहे. मधलं १४० मीटर अंतर कुठेच धरलेलं दिसत नाही.

आधी लोड बघू. गाड्यांचे सहा चार्जर, प्रत्येकी ७.४ किलोवॅट, म्हणजे एकेक ३२ अँपिअरचा. तीन फेजवर दोन-दोन वाटले तर प्रत्येक फेजवर ६४ अँपिअर होतात. साडेसात एचपीचा पंप साधारण ११ अँपिअर खातो. दिवे, कॅमेरे, मागचं गेट मिळवून ८० धरू. ठेकेदाराची केबल थेट मातीत पुरली तर नव्वदच्या थोडी वर पेलते, इथवर त्याचं बरोबर आहे. पण पाइपमधून नेली की उष्णता बाहेर पडायला हवेचा थर आडवा येतो, आणि तीच क्षमता पंधरा-वीस टक्क्यांनी घसरून ८० च्या काठावर येते.

खरी गोम व्होल्टेजची आहे. या केबलचा रोध गरम अवस्थेत किलोमीटरला सुमारे १.५४ ओहम. १४० मीटरवर ८० अँपिअर गेले की फेजमागे १७ व्होल्ट वाटेतच संपतात, म्हणजे साडेसात टक्के. आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे दिव्यांसाठी ३ आणि बाकी वापरासाठी ५ टक्क्यांपर्यंत घट चालते, आणि तीही आपल्या सगळ्या वायरिंगची मिळून. शिवाय महावितरणचा दाब सहा टक्क्यांनी खाली येणं नियमात बसतं. संध्याकाळी तो २१६ वर असेल, तर पंपापाशी पोचतील १९९. दाब कमी झाला की मोटर तेवढंच पाणी चढवायला जास्त करंट ओढते, तापते, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत वाइंडिंग जातं. मीटर रूममधला एमसीसीबी (जास्त करंट झाला की वीज तोडणारा ब्रेकर) यातलं काहीच पकडणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने करंट मर्यादेतच असतो. बिल येईल ते रिवाइंडिंगचं, आणि दोष पंपाच्या माथी.

यात साडेतीन कोअरचा मुद्दा वेगळा आहे आणि कोटेशन वाचताना तो सहज निसटतो. ‘साडे’ म्हणजे साधारण अर्ध्या जाडीचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार. २५ च्या केबलमध्ये तो १६ चा येतो. तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तेव्हा न्यूट्रलमधून फारसं काही वाहत नाही, म्हणून कारखान्यात हे चालून जातं. आपले चार्जर सिंगल फेज. रात्री दोनच गाड्या लागलेल्या आहेत आणि नेमक्या एकाच फेजवर आहेत, असं होणारच. तेव्हा ६४ अँपिअर फेजमधून जाऊन त्या बारीक न्यूट्रलमधून परत येतात, आणि घट होते ३५ व्होल्ट. कित्येक चार्जर एवढ्या कमी दाबाला स्वतःहून बंद पडतात. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर काय होईल ते मी सांगायला नको.

म्हणून ४ कोअर, ७० स्क्वेअर एमएम, एक्सएलपीई (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिक आवरणाची) ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल घ्यावी. पूर्ण लोडला तिची घट ६ व्होल्टच्या आसपास, आणि त्या दोन गाड्यांच्या वाईट रात्रीही १० च्या जवळ राहते. केबलची किंमत दुपटीच्या वर जाईल, हे लपवत नाही. तेवढं परवडत नसेल तर लोड मॅनेजमेंट असलेले चार्जर घ्यावेत. एका फेजवरच्या दोघांनी मिळून ३२ अँपिअरच वाटून घ्यायचे. गाडी सकाळपर्यंत भरतेच. मग ४ कोअर ५० स्क्वेअर एमएमने भागेल. २५ मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आता पाइप. ठेकेदाराने ठेवलेला नमुना वॉचमनच्या केबिनमध्ये पडला आहे. त्यावर ५० छापलंय; आत टेप लावून पाहिली तर जेमतेम ३८ एमएम. डीडब्ल्यूसीला दोन भिंती असतात आणि नाव बाहेरच्या व्यासावरून पडतं. ७० ची केबल स्वतःच सुमारे ३५ एमएम जाड. पाइपचा आतला व्यास केबलच्या किमान दीडपट हवा, म्हणजे ६३ चा पाइपही (आतून ५१) थोडक्यात चुकतो. ९० चा घ्यावा, तो आतून ७६ असतो. खोदणं, काँक्रीट तोडणं, पेव्हर परत बसवणं हा खर्च पाइप बारीक असो वा जाड, तेवढाच येतो. कॅमेऱ्यांच्या लाइनसाठी खणलेले डी विंगसमोरचे पेव्हर अजून खचलेले आहेत. तिथे पुन्हा कुदळ लागू नये.

सगळे १४० मीटर पाइपमधून न्यायचीही गरज नाही. फायर ब्रिगेडची गाडी जाते त्या काँक्रीट रस्त्याखाली एक मीटर खोलीवर दोन पाइप टाकावेत, दुसरा रिकामा, आत नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकं बंद केलेला. बागेच्या कडेने केबल ७५ सेंटीमीटरवर थेट पुरावी: खाली-वर वाळू, त्यावर विटा, त्यावर इशाऱ्याची पट्टी. वाळूला काट मारू देऊ नये. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, केबलभोवती पोकळी राहते आणि उष्णता अडकते. घुशींसाठी आर्मर पुरेसं आहे. वळणावर प्लंबिंगचा एल्बो चालणार नाही; अशा केबलला व्यासाच्या बारापट त्रिज्या लागते, म्हणजे सव्वाचारशे एमएम. तिथे चेंबर बांधून घ्यावं.

सब-पॅनेलच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग (जमिनीशी जोडण्या) असावीत आणि तिथे न्यूट्रल व अर्थिंग एकत्र जोडू नये, हे वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्यावं. माती लोटण्याआधी मेगर टेस्ट (केबलच्या इन्सुलेशनची तपासणी) आणि खुल्या चराचे फोटोही.

१४० मीटर हा आकडा मी मंजूर नकाशावरून काढला आहे. वळणं आणि दोन्ही टोकांना ठेवायचे लूप धरून तो वाढेल. येत्या रविवारी सकाळी ठेकेदाराला बोलावलंत तर मी टेप घेऊन सोबत येतो. आकडा फार वाढला तर वरचा हिशेब नव्याने करून देईन.

कळावे,

आपला,
ब विंगमधील एक सभासद

प्रत : मा. सचिव, मा. खजिनदार