मागाची खोली

सोलापूर,
१२ डिसेंबर

ती. आई आणि बाबांना
साष्टांग नमस्कार.

काल रात्री दादाचा फोन आला तेव्हा तुम्ही दोघं झोपला होतात. बाबांचा गुडघा आता बराच वाकतो म्हणाला, ऐकून जिवाला बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे. पाणी परवा यायचंय. आई, तुझी रक्तदाबाची गोळी सकाळी चहाच्या आधी, दादाच्या घरी गेलीस म्हणून वेळ बदलू नकोस.

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं बरं, ठेवतो" म्हणतात आणि माझं बोलायचं तसंच राहतं. म्हणून लिहितेय.

बाबा, मला मागाची खोली हवी आहे, माझ्या कराटेच्या वर्गासाठी.

आत्ता आमचा वर्ग मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरतो, हे तुम्हाला माहीत आहे. तुळशीचं लग्न झालं आणि मुहूर्त सुरू झाले. गेल्या तीन आठवड्यांत पाच दिवस वर्ग बंद ठेवावा लागला. परवा तर पोरं गणवेश घालून जिन्यापर्यंत आली आणि वर हळदीचा कार्यक्रम सुरू. एकतीस जणांना रस्त्यावरून परत पाठवलं. त्यातल्या एकीचे वडील म्हणाले, "मॅडम, लग्नसराई संपेपर्यंत हिला घरीच ठेवतो." मुलगी घरी राहिली की काय होतं ते मी इतक्या वेळा बघितलंय की मला रात्री झोप लागली नाही.

तेच आधी सांगते, कारण ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही.

मी पांढऱ्या पट्ट्याला होते तेव्हा आम्ही अकरा मुली होतो. पिवळा, नारिंगी, हिरवा करत करत निळ्यापर्यंत सात राहिलो. तपकिरी पट्टा आला तेव्हा आम्ही दहावीत होतो. बोर्डाचं वर्ष म्हणून मुलांनीही वर्ग सोडला, मुलींनीही. मे महिन्यात मुलं परत आली. मुली आल्या नाहीत. कोणी थांब म्हटलं नव्हतं, "आता मोठी झालीस" एवढंच म्हटलं होतं. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला मी एकटी बसले. आणि काळा पट्टा म्हणजे शेवट नव्हे. जपानीत त्याला शोदान म्हणतात, त्यातल्या 'शो'चा अर्थच आरंभ. खरं शिकणं आणि शिकवायला शिकणं तिथून पुढं सुरू होतं. शिडीच्या नेमक्या त्याच पायरीवर मुली उतरवून घेतल्या, तर वर शिकवणारी बाई कुठून येणार? मग लोक म्हणतात, बायकांना यात पुढं जाता येत नाही. आणि शिकवायला बाई नाही म्हणून पुढच्या मुलींचे आईवडील पोरींना पाठवत नाहीत. खांदा कुठं, कंबर किती वळवायची हे हात लावून दाखवावं लागतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या आईला तिथं बाई असलेली हवी असते, आणि तिचं काही चुकत नाही. पाळी आलेल्या मुलीनं आज उड्या मारायच्या की नाही, हे ती कुणाला विचारणार?

मी का टिकले? आई, तुझ्यामुळं. दहावीचा पेपर संपल्या संध्याकाळी आजी म्हणाली होती, पुरे झालं आता ते मारामारीचं. तू पोळी लाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पैसे भरलेत, जाईल ती." पैसे भरलेले नव्हते, हे मला नंतर कळलं. तू मागासाठी सुताच्या कांड्या भरून साठवलेल्या पैशांतून दुसऱ्या दिवशी दिलेस.

माझा गणवेश तू नीळ घालून धुवायचीस आणि गच्चीवर न टाकता मागाच्या खोलीत, दोन मागांच्या मधल्या तारेवर वाळत घालायचीस. शेजारणींनी विचारू नये म्हणून. त्याला तेलाचा वास यायचा आणि कापसाचं तूस चिकटलेलं असायचं. वर्गात सगळे हसायचे. एकदा बाबांनी तारेवरची ती बाही अंगठा आणि बोटात धरून चोळली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "वीण बरी आहे. आपल्याकडं टॉवेलला एवढं घट्ट ठोकत नाहीत." बाबा, माझ्या कराटेबद्दल तुम्ही बोललेलं ते पहिलं वाक्य. मला अजून पाठ आहे.

त्यानंतरचं दुसरं वाक्य मात्र मला लागलं. गेल्या वर्षी बघायला आलेल्या मंडळींनी विचारलं, "लग्नानंतर हे मुलांना शिकवणं बंद करेल ना?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "करेल." मी चहाचा ट्रे ठेवला आणि आत गेले. तुम्हाला वाटलं मी लाजले. मी लाजले नव्हते, बाबा. चौदा वर्षं जे रोज पहाटे साडेपाचला उठून केलं ते तुम्ही एका शब्दात देऊन टाकलंत. मी तेव्हा काही बोलले नाही. तुमचा गुडघा दुखत होता, पाहुणे होते, आणि तुम्ही माझ्या काळजीनंच बोललात हेही मला कळत होतं. पण आज लिहिते आहे तर हेही लिहिते. अक्कलकोटच्या लग्नात तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, "धाकटी शाळेत असते." मी शाळेत नसते. मी कराटे शिकवते.

शाळेत होते, ते एक वर्ष. ती शाळा कोणती ते सांगत नाही. तिथं मला म्हणाले, मुलांसाठी सर ठेवलेत, तुम्ही फक्त मुलींचा तास घ्या. सरांचा पट्टा माझ्याहून खालचा होता आणि मानधन माझ्या दुप्पट. वर्षभर घेतला तास, कारण त्या मुलींना दुसरं कोणी नव्हतं. मग सोडलं आणि स्वतःचा वर्ग काढला.

सुरुवातीला पालक यायचे आणि विचारायचे, "सर कधी येणार?" मी म्हणायचे, मीच. ते बसून राहायचे, बहुतेक वाट बघत. एक गृहस्थ सलग तीन दिवस आले. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा झेनकुत्सु-दाचीत उभा राहायला शिकला. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, दोन्ही तळवे जमिनीला चिकटलेले. पोरगा धक्का दिला तरी हलेना, तेव्हा त्यांनी फी दिली.

ते उभं राहणं मी तुमच्याकडून शिकले, बाबा. गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेत, तुम्ही मला खांद्यावर घेऊन नंदीध्वजांच्या उंच काठ्या दाखवायचात. सगळे वर बघायचे. तुम्ही म्हणायचात, "वर काय बघतीस, धरणाऱ्याच्या पायाकडं बघ." सातही काठ्या जाईपर्यंत मी पायच बघायचे. आजही कुणाचा ठोसा चुकला की मी आधी पाय बघते, हात नंतर.

आणि टॉवेल! हे तुम्हाला आवडेल. ठोसा मारताना दुसरा हात जोरानं कमरेशी मागे ओढायचा असतो, त्याला हिकिते म्हणतात. पोरं पुढच्या हाताच्या नादात मागचा विसरतात. मी आपल्या जुन्या टॉवेलचं एक टोक पोराच्या मुठीत देते, दुसरं स्वतः धरते, आणि म्हणते, ओढ. ओढलं की कंबर आपोआप फिरते, आणि पुढचा ठोसा कमरेतून निघतो. दोन वर्षं झाली, रोज तीस पोरं ओढतात, टॉवेलचा काठ उसवलेला नाही. तो तुमच्या मागावरचा आहे.

रविवारी दुपारी विड्या वळणाऱ्या बायकांची एक तुकडी घेते, सहा जणी आहेत. दिवसाला हजार विड्या वळून मान आणि खांदे धरलेले असतात, हात कानावरून वर जात नाही. पहिला महिना नुसता हात वर नेण्यात गेला. मनगट सोडवायचं शिकवत होते. धरणाऱ्याची चार बोटं एका बाजूला असतात आणि अंगठा एकटा, म्हणून अंगठ्याच्या फटीतून मनगट काढायचं. मी म्हटलं, पकडीत अंगठा सगळ्यात कमजोर. एक बाई थांबल्या. तळहात माझ्यापुढं धरला. अंगठ्याच्या बुडाशी कात्रीचा घट्टा, पिवळा, जाड. म्हणाल्या, "मॅडम, अंगठा कमजोर म्हणू नका. आमचं घर ह्याच्यावर चालतंय." मी माझं वाक्य बदललं, बाबा. आता मी म्हणते, समोरच्याचा अंगठा एकटा असतो.

आई, तू दिवाळीत भाकरी थापताना विचारलं होतंस, "लग्न आणि हे, दोन्ही कुणी केलंय का गं? एखादी दाखव." तेव्हा मला पटकन सुचलं नाही. आता दोघींचं सांगते.

एक केइको फुकुदा. जपानच्या, ज्युदोच्या. जन्म १९१३. ज्युदो ज्यांनी काढला त्या कानो गुरुजींना जुजुत्सू या जुन्या जपानी मल्लविद्येचे पहिले धडे यांच्या आजोबांनी दिले होते. १९३५ साली त्या कानोंनी बायकांसाठी काढलेल्या वर्गात गेल्या. अंगाने तुझ्याहून बारीक, उंची पाच फुटांच्या आत. लग्न की ज्युदो अशी वेळ आली तेव्हा त्यांनी ज्युदो धरला. १९५३ मध्ये पाचवा दान, म्हणजे काळ्या पट्ट्याची पाचवी पायरी, मिळाला आणि तिथं दार बंद, कारण बायकांना पाचव्याच्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम होता. एकोणीस वर्षं त्या त्याच पट्ट्यावर शिकवत राहिल्या. लोकांनी पत्रं लिहून मागणी केली, मग १९७२ मध्ये सहावा मिळाला. २०११ साली, वयाच्या ९८व्या वर्षी, अमेरिकेच्या ज्युदो संघटनेनं त्यांना दहावा दान दिला. तेव्हाही त्या सॅन फ्रान्सिस्कोत बायकांना शिकवत होत्या. एकोणीस वर्षं, आई! मला सरांच्या निम्मं मानधन एक वर्ष मिळालं तर मी रडले होते.

दुसऱ्या मीनाक्षी अम्मा, केरळात वडकरा गावच्या. सातव्या वर्षी कळरीपयट्टू, म्हणजे केरळची जुनी युद्धकला, शिकायला लागल्या. गुरूशीच लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. नवरा गेल्यावर कळरी, म्हणजे तिथली तालीम, बंद केली नाही, स्वतः शिकवत राहिल्या. २०१७ साली पद्मश्री मिळाली. त्यांचा फोटो दादाच्या मोबाईलवर पाठवते. साडी नेसलेल्या, हातात ढाल-तलवार. आपल्या आत्याच दिसतील तुला.

एकीनं लग्न केलं नाही, एकीनं केलं, दोघी शिकवत राहिल्या. माझं पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही. कोणी असा भेटला की ज्याला संध्याकाळी सहा ते साडेआठ मी घरी नसणार हे चालेल, तर मी लग्न करेन, मनापासून करेन. पण तो प्रश्न परत कुणी विचारला, तर उत्तर मला देऊ द्या. एवढंच मागते.

दादा सांगत होता, फिजिओथेरपीला येणारी मुलगी पंचविशीची आहे, आणि ती "काका, अजून पाच" म्हणाली की बाबा निमूट पाच वेळा पाय उचलतात. मला ते ऐकून खूप बरं वाटलं. तुम्ही तिचं वय बघत नाही, तिला येतं ते बघता. माझ्या वर्गातले वडीलही तसेच असतात, त्यांना थोडे दिवस द्यावे लागतात.

आता खोलीचं. माग भंगारात गेले त्या दिवसापासून तुम्ही तिचं कुलूप उघडलेलं नाही, म्हणून मीही न विचारता काही केलेलं नाही. बाहेरून मोजली, वीस बाय तीस फूट. स्पर्धेचं रिंगण आठ मीटर बाय आठ मीटर असतं, तेवढी ती नाही, पण शिकायला भरपूर आहे. मीटरभराच्या चाळीस मॅट बसतील, भिंतीकडेनं चालायला जागा राहील. मॅटचे पैसे मी भिशीतून काढलेत. मागांच्या पायाचे बोल्ट फरशीतून वर आलेत ते कापावे लागतील, नाहीतर पोरांच्या पायाला लागतील. तुमचे धोटे आणि कांड्यांची पेटी कोनाड्यात आहे तशीच राहील. मधली तारही राहू दे, गणवेश वाळत घालायला.

आणि दारावर पाटी लावायची आहे. तिच्यावर प्रशिक्षक म्हणून माझं पूर्ण नाव असेल, मधे तुमचं. म्हणूनच विचारते. तुम्ही नको म्हणालात तर पाटी लावणार नाही, हॉलचं भाडं भरत राहीन.

गड्ड्याच्या आधी या. डॉक्टर हो म्हणाले तर दादा गाडीनं आणून सोडेल. आई, शेंगा आणून ठेवल्यात, चटणी तू आल्यावरच कुटू, माझ्या हातची तुला आवडत नाही.

किल्ली शेजारच्या काकूंकडून घेतलीय. परवा पाणी आलं की फरशी तेवढी धुऊन घेते, सोडा टाकून. दोन नंबरच्या मागाखालचा तेलाचा डाग निघेल असं वाटत नाही. बाकी कशाला हात लावत नाही, तुम्ही येईपर्यंत.

तुमची,
धाकटी