गिरगावच्या काकांना, लातूरहून थँक्यू

काका, नमस्कार.

आत्याला सांगितलंय की हे तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखव, तुमचा चष्मा कुठं असतो ते तुम्हालाच सापडत नाही म्हणे. तर विषय असा की मुंबईहून येऊन बरेच दिवस झाले तरी आमच्याकडं अजून तुमच्याच चिठ्ठीचा विषय चालू आहे, म्हटलं फोनवर नीट बोलणं होत नाही, लिहूनच टाकावं.

आम्ही आलो होतो माझ्या इंटरव्ह्यूसाठी, आई सोबत होती, आणि काम झाल्यावर हातात मोकळे दिवस. मुंबई दर्शनच्या गाडीचं बुकिंग करणारच होतो, तेवढ्यात तुम्ही गॅलरीतून ओरडलात, "गेटवे कुठं पळून जातोय का?" आणि कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून लिहायलाच बसलात. जागांची नावं गूगलवर पण मिळतात हो. पण कुठल्या स्टॉपला उतरायचं, कुणाला विचारायचं आणि पोचल्यावर नेमकं कशाकडं बघायचं, हे बेस्टमध्ये कंडक्टरकी केलेला माणूसच लिहू जाणे.

पहिलीच ओळ वाचून मी हसलो होतो. "काळा घोडा बघायचा तर राणीच्या बागेत जा, बुधवार सोडून." मला वाटलं काका थट्टा करतायत. पण खरंच की! फोर्टातला तो घोड्यावर बसलेल्या राजा एडवर्डचा काळा पुतळा 1965 मध्ये तिथनं हलवला आणि भायखळ्याला, राणीच्या बागेत म्हणजे प्राणीसंग्रहालयात आणून ठेवला, काळा घोडा हे नाव मात्र तिकडं फोर्टातच राहिलं, आता तिथं 2017 मध्ये बसवलेला नवा घोडा आहे, वर स्वार नाही. आणि त्याच आवारात, भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर, तो दगडी हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं तोच हा, म्हणजे लोक एलिफंटाला बोटीनं जातात आणि हत्ती इकडं भायखळ्यात! 1864 मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले, मग ते तुकडे इथं आणले आणि 1914 मध्ये जोडून उभा केला. तुम्ही लिहिलं होतं "जवळ जा, सांधे बघा". बघितले. आईनं तर पोटावरच्या रेघेवरून हात फिरवला आणि म्हणाली बरं झालं बाई तुटला ते, नायतर गेला असता. आजूबाजूची सगळी पब्लिक पेंग्विनच्या लाईनीत, आम्ही दोघंच हत्तीपाशी.

भुलेश्वरचा पांजरापोळ, म्हणजे जनावरं सांभाळायची जागा, तो मात्र आईचा. त्या गर्दीत, साड्या-बांगड्यांच्या दुकानांतनं वाट काढत, माधवबागेजवळनं आत शिरलो आणि एकदम शेणाचा वास, समोर शेकड्यानं गायी! भर मुंबईत! 1832 ला इंग्रजांनी भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, त्यावरून पारशी लोकांनी दंगा केला, आणि पुढं 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी जनावरांसाठी ही जागा काढली, हे तुम्ही सांगितलं होतं. म्हणजे सुरुवात कुत्र्यांवरून आणि आता राज्य गायींचं. आईनं चाऱ्याची पेंडी घेतली आणि एकेका गायीची शिंगं, वशिंड, कान बघत फिरायला लागली, तिथल्या माणसाला विचारते, "देवणी नाय का हो एखादी?" तो बिचारा बघतच राहिला. मग त्याला देवणी जात कशी असते, आमच्या लातूरकडचीच कशी, दूध किती, बैल किती कामाचे, सगळं ऐकवलं. मी घड्याळ बघणं सोडून दिलं. तुम्ही तिच्यासाठीच ते लिहिलं होतं ना? शेती विकल्यापासून ती जनावरांबद्दल एवढं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

अंधेरीची गिल्बर्ट हिल ही माझी फेवरेट. "चर्नी रोडवरनं स्लो पकडा, फास्टच्या नादी लागू नका" हे पण पाळलं. वस्तीतनं जाता जाता अचानक समोर काळ्या दगडाची उभी भिंत, दोनेकशे फूट, नुसते खांबच खांब चिकटून उभे केल्यासारखे. लाव्हा थंड होताना आकसतो, चिरा पडतात, त्यातनं हे खांब होतात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या दगडाची भावकीच की ही. वर गावदेवीचं देऊळ, पायऱ्या चढताना आईचे गुडघे बोलले पण ती थांबली नाही. आणि खाली चहावाल्याला विचारलं तर म्हणाला इथं राहतो पण वर कधी गेलो नाही, कमाल आहे!

माझगावचं चिनी मंदिर तेवढं राहिलं. त्या दिवशी पाऊस असा काही आला की डॉकयार्ड रोड स्टेशनातच भिजत उभे राहिलो आणि परत फिरलो. ते पुढच्या वेळी, आणि तेव्हा तुम्ही पण सोबत चला, नुसती चिठ्ठी चालणार नाही. इंटरव्ह्यूचं अजून काही कळलं नाही, कळलं की पहिला फोन तुम्हाला.

आईनं धपाटे पाठवलेत, आत्याच्या डब्यातच आहेत, दोन दिवसांत संपवा. सोबत शेंगदाण्याची चटणी पण आहे, ती जरा जपून, आमच्याकडचं तिखट आहे.

तुमचा,
आत्याचा भाचा