कात्री लावण्याआधी

नाशिक

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस, "आई, वर्गातल्या पोरांना काय काय सुचतं. मला नाही गं तसलं काही सुचत." समोर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून बोलणं राहिलं. आता दुकान बंद करून लिहायला बसलेय.

तुमच्या आर्किटेक्चरच्या कॉलेजात वेडीवाकडी छपरं आणि काचेच्या भिंती काढल्या की पोरगं कल्पक ठरत असावं. माझा धंदा साधा. ८० सेंटीमीटरचा ब्लाउजपीस. त्यात पाठ, पुढचे भाग, बाह्या, गळ्याची तिरकी पट्टी, सगळं बसवायचं, आणि काठ बाह्यांवरच यायला हवा. खडू उचलण्याआधी तो ब्लाउज मला शिवून तयार दिसावा लागतो, आणि पुन्हा उसवून टेबलावर पसरलेलाही. एकदा कात्री लागली की विषय संपला.

मापं काय, कुणीही घेईल. पण बाईचा दिवस टेपात मावत नाही. एक शाळेतल्या बाई येतात, त्यांचा हात सारखा फळ्यावर. बाही जोडायचा मुंढा खोल कापला तर हात उचलला की अख्खा ब्लाउज वर चढतो, म्हणून त्यांचा मुंढा मी वरच ठेवते. लेकुरवाळीला हुक पुढूनच हवेत. वाढत्या अंगाच्या पोरीला आत माया जास्त सोडायची, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतं. यातलं एकही बाई तोंडाने सांगत नाही. ती घरी गेली की तिचा दिवस आपणच मनात चालवून बघायचा.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे ना, ते दादासाहेब आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला खरा, पण सिनेमाला पैसा कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त दिवस रोज थोडं थोडं टिपत राहिले. पडद्यावर मिनिटभरात रोप वाढलेलं बघून लोकांनी पैसा काढला. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. तारामती व्हायला बाई मिळेना, तर हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना लुगडं नेसवून उभं केलं! मला मात्र हरिश्चंद्रापेक्षा तो वाटाणाच जास्त भावतो. वाटाणे काय, सगळ्यांच्याच घरात होते.

आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? फिल्मला भोकं पाडायच्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. त्यांना कल्पक म्हटलेलं मी कुठे ऐकलं नाही, आणि याचा मला अजून राग येतो.

असो. तुझ्या त्या खेड्यातल्या वाचनालयाचं बघ. छपराचं नंतर. भर पावसात पोरं आली तर ओल्या छत्र्या नि चिखलाच्या चपला कुठे जातील? चौथीतल्या पोराचा हात कुठल्या फळीपर्यंत पोचतो? पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांना सकाळचं ऊन हवं असतं, पण डोळ्यावर नको. पायरी किती उंच हवी, ते आजीला विचार, तिचे गुडघे बरोबर सांगतील. एवढं झालं की नकाशा घेऊन मला फोन कर, दुपारी दोननंतर. तेव्हा दुकानात गर्दी नसते.

तुझी,
आई