गॅरेजवरचा ठराव मागे घ्यायला लावणाऱ्या सरांना

सरांना नमस्कार,

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळतो आहे. पण पत्र मात्र उघड लिहितोय, कारण चूकही आम्ही उघडच केली होती. सर्वसाधारण सभेत, हात वर करून.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा सोसायटीच्या विहिरीवर तवंग होता आणि तो शेजारच्या गॅरेजचाच, याबद्दल आमच्यात कोणाला शंका नव्हती. तिथे ऑइल सांडतं, फडकी धुतात, सगळं गटारात जातं. आणखी पुरावा काय हवा? नोटीस द्यायचा ठराव झाला होता. पाण्यातले जाणकार म्हणून तुमच्याकडून फक्त दोन ओळी आणि सही हवी होती. (त्याआधी समितीतल्या एकांनी गावाहून पाणाड्याही आणला होता. त्याने नारळ फिरवून गॅरेजकडे बोट दाखवलं. आम्ही सगळे तिकडेच बघत होतो, तो तरी काय करणार!)

तुम्ही सही केली नाहीत. एक काडी घेतलीत आणि तवंग ढवळलात. तो काडीभोवती फिरला आणि पुन्हा जुळला. लोहाच्या जिवाणूंची साय असती तर पापुद्र्यासारखी तुटली असती, म्हणालात. हे तेलच आहे, पण कुणाचं ते काडी सांगणार नाही. मग विचारलंत, "हे पाणी पितं कोण?" कोणी नाही, फ्लशला आणि गाड्या धुवायला वापरतो, असं मी छातीठोकपणे सांगितलं. तुम्ही काही न बोलता वॉचमनच्या खोलीकडे चालत गेलात. पिंपात विहिरीचंच पाणी होतं. वास येतो म्हणून त्याची बायको ते उकळून घेत होती. अशा तवंगात बेंझिन हे विषारी रसायन असू शकतं, ते 80 अंशांना उकळतं, बंद खोलीत वाफेबरोबर नाकात जातं, त्यामुळे उकळणं हा उपाय नाही, हे तुम्ही तिला फार शांतपणे समजावलंत. आमच्याशी तितक्या शांतपणे बोलला नाहीत, आणि ते योग्यच होतं. दुसऱ्या दिवशी खोलीत पालिकेच्या पाण्याचा नळ आला. एका दिवसाचं काम होतं ते.

मी तरीही आमचा रिपोर्ट पुढे केला: बेंझिन आढळलं नाही. नमुना कसा घेतला, विचारलंत. मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत, अर्धी भरून, स्कूटरच्या डिकीत, मे महिन्याच्या दुपारी. जे शोधायचं होतं तेच उडून गेलं होतं. तुम्ही हसला नाहीत हे विशेष. पुढच्या वेळी 40 मिलीच्या काचेच्या कुप्या घेऊन आलात, आत ॲसिडचे थेंब आधीच घातलेले. काठोकाठ भरायच्या, झाकण लावून उलट्या करायच्या, बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद. मग थेट बर्फात. शुद्ध पाण्याची एक बंद कुपीही सगळीकडे बरोबर फिरली, वाटेत काही शिरलं का ते कळायला. इतका संशयी माणूस मी पाहिला नव्हता. स्वतःवरही तेवढाच संशय!

गॅरेजमागच्या जुन्या विहिरीचा नमुना मागायला तुम्ही एकटेच गेलात. आमची हिंमत नव्हती.

ती विहीर, आमची विहीर आणि मागच्या इमारतीची बोअर. तिन्हींचे पंप दिवसभर बंद ठेवायला लावलेत (त्या दिवशीच्या शिव्या मी खाल्ल्या, ते असो). गवंड्यांच्या पारदर्शक नळीने तिन्ही तोंडांची उंची जुळवून पाण्याची पातळी मोजलीत. पाणी येऊरच्या डोंगराच्या अंगाने खाडीकडे उतरत होतं. गॅरेज आमच्या खालच्या बाजूला. वरच्या बाजूला पत्र्याचं कुंपण, आणि कुंपणाआड कधीचा बंद पडलेला पेट्रोल पंप, ज्याच्यावरून आम्ही रोज जात होतो. तरी तुम्ही आम्हाला उड्या मारू दिल्या नाहीत. आपला काळा दगड फसवा, भेगेतून पाणी कुठेही वळतं, म्हणालात. प्रयोगशाळेचा आलेख आला तेव्हा कुठे बोललात. वापरलेलं इंजिन ऑइल जड, त्याचे उंचवटे आलेखात उशिरा येतात. आमचे सगळे सुरुवातीलाच होते: बेंझिन, टोल्युइन, झायलीन. म्हणजे पेट्रोल. गॅरेजच्या विहिरीतही तेच, जरा कमी. ज्यांना नोटीस द्यायची होती ते आमच्याच रांगेत उभे होते.

जागतिक आरोग्य संघटनेची बेंझिनची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. "एवढंसं?" असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा तुम्ही सभेच्या नोटिशीमागे गणित मांडलंत. एक ग्रॅम बेंझिन एक लाख लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. त्यानंतर "थोडासा वास आहे" हे वाक्य समितीत ऐकू आलेलं नाही.

कागद कुठे कुठे दिले आणि कुठून परत आले ते लिहीत नाही. रांगेत तुम्हीच उभे होतात. शेवटी त्या पेट्रोल पंपाच्या टाक्या बाहेर काढल्या. टाक्या धड होत्या. त्यांच्यापासून मशीनपर्यंत जाणाऱ्या पाइपचा सांधा गंजलेला होता आणि त्याखालचा मुरूम काळपट पडला होता. पावसाळ्यात पाणी चढतं, उन्हाळ्यात उतरतं, आणि प्रत्येक फेरीत वर तरंगणारं पेट्रोल मुरमाला फासलं जातं. म्हणून टाक्या काढून विहीर लगेच सुधारणार नाही, वर्षातून दोनदा तरी नमुने घ्यायचे, हे तुम्ही वहीत लिहून दिलंत. वही माझ्या कपाटात आहे.

ठराव मागे घेतला. तो सांगायला गॅरेजमध्ये जाताना तुम्ही बरोबर आलात, त्याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत. मालक एवढंच म्हणाले, "वास आमच्या पाण्यालापण येत होता साहेब. तुम्ही कधी विचारलंच नाही."

दिवाळीनंतरच्या नमुन्यांसाठी कुप्या आणून ठेवल्या आहेत. बर्फ गॅरेजवाले देणार आहेत, त्यांच्याकडे फ्रीज आहे. चहाही तिकडेच.

आपला,
सोसायटीचा सेक्रेटरी, ठाणे