अर्धवट राहिलेली क्यू पूर्ण करा, पण कोणी केली ते लिहून ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कारागीर गेला आणि त्याच्या हातातलं काम अर्धं राहिलं तर त्या कामाचं काय करायचं, ह्या प्रश्नावर आमच्याकडे सध्या रोज कोणी ना कोणी मला सल्ला देतंय आणि मला त्यातले बहुतेक सल्ले पटत नाहीयेत म्हणून हे पत्र. मी मूळची मिरजेची, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे, इथे पूल, म्हणजे स्नूकरसारखा टेबलावरचा बॉलचा खेळ, लीगमध्ये खेळते. पेनसिल्व्हेनियातल्या एका वयस्कर कारागिराकडे मी एक कस्टम क्यू, म्हणजे ऑर्डरप्रमाणे बनवलेली पूल खेळायची काठी, बनवायला दिली होती, अॅडव्हान्सही दिला होता, आणि क्यू अर्ध्यावर असताना ते गेले. त्यांच्या मिसेसनी ती अर्धी क्यू माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या तुझी आहे, तुला योग्य वाटेल ते कर.

माझं मत आधीच सांगून टाकते. क्यू पूर्ण करावी, दुसऱ्या चांगल्या कारागिराकडून करावी, घाई न करता करावी, आणि कुठलं काम कोणाचं हे लेखी ठेवावं. गेलेल्या माणसाची सही तिच्यावर अजिबात टाकू नये.

आपल्याकडे बिलियर्ड्स-स्नूकर म्हटलं की विल्सन जोन्स आठवतात, पुण्यात जन्मलेले, १९५८ ला कलकत्त्यात वर्ल्ड अॅमॅच्युअर बिलियर्ड्स जिंकलेले. पण स्नूकरची स्टिक वेगळी, ती बहुतेक अॅशच्या लाकडाची आणि पितळी फेरूलची, म्हणजे टोकाच्या टोपीची, असते. अमेरिकन पूलची क्यू साधारण ५८ इंच लांब, मधोमध स्क्रूने जोडलेली, पुढचा भाग म्हणजे शाफ्ट हा कडक मॅपलचा आणि मागचा भाग म्हणजे बट, सगळी कलाकुसर त्या बटवर. वजन १९ औंसाच्या आसपास, म्हणजे अर्ध्या किलोच्या जरासं वर. फॅक्टरीतली क्यू दुकानात लगेच मिळते पण कस्टम क्यूला दोन-दोन तीन-तीन वर्षं थांबणारे लोक आहेत, आणि त्याला कारण आहे. शाफ्टचं लाकूड लेथवर एकदम कापत नाहीत, थोडं कापायचं, मग टांगून ठेवायचं, काही महिने त्याला हवं तसं वाकू द्यायचं, जे वाकलं ते बाद, जे सरळ राहिलं त्यावर परत थोडं कापायचं, असं चालतं. चांगल्या कारागिराच्या वर्कशॉपमध्ये छताला असे शाफ्ट ओळीने लटकलेले असतात आणि त्यातले कितीतरी कधीच क्यू होत नाहीत.

आता माझी क्यू कुठवर आली होती ते सांगते, कारण सगळा वाद त्यावरच आहे. फोरआर्म, म्हणजे बटचा पुढचा फूटभर भाग, बर्ड्सआय मॅपलचा आहे आणि त्यात एबनीचे चार पॉइंट बसवून झालेत. लाकडात व्हीच्या आकाराच्या लांब तिरक्या खाचा पाडायच्या, त्यात आधी रंगीत व्हिनियरचे पातळ थर आणि मग काळं लाकूड चिकटवायचं, आणि नंतर लेथवर गोल करायचं, की ते भाल्याच्या टोकासारखे पॉइंट वर येतात. माझ्या क्यूत ते आलेत, पण फोरआर्म अजून फायनल मापापेक्षा जाड आहे. हँडल जोडलंय. त्याच्या मागे स्लीव्ह, म्हणजे बटचा शेवटचा भाग, नाही, तळाचा रबरी बंपर नाही, आणि पुढे शाफ्ट जोडायची जॉइंटची पिन नाही, हँडलवर गुंडाळायचा रॅप नाही. दोन शाफ्ट आहेत, अजून बरंच कापायचे बाकी. आणि फोरआर्मच्या कापलेल्या टोकावर पेन्सिलीने त्यांनी वजन आणि तारीख लिहिलीय, बारीक अक्षरात, आणि त्याच टोकाच्या बरोबर मध्यभागी लेथवर धरायचं भोक आहे.

ते भोक फार महत्त्वाचं आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं होतं. लाकूड जसजसं बारीक करत जाल तसतसे पॉइंट आखूड होत जातात, कारण टोकाकडे खाच सगळ्यात उथळ असते. म्हणजे पुढच्या माणसाने ही क्यू केसभर जरी बाजूला धरली तर एका बाजूचा पॉइंट आखूड आणि समोरचा लांब, आणि एकदा झालं की परत जोडता येत नाही. म्हणून त्याने त्याच भोकांवर धरून आधी सगळं किती सरळ फिरतंय ते बघायला हवं आणि मगच हत्यार लावायला हवं. आणि क्यू पुढून मागे कशी जाड होत जाते तो उतार, टेपर म्हणतात त्याला, तो प्रत्येक कारागिराचा स्वतःचा असतो. लेथला लावायची त्यांची टेपरची पट्टी आणि त्यांची वही हे दोन्ही वर्कशॉपच्या सामानात विकलं जाण्याआधी मिसेसकडून मागून घ्या असं मी असल्या परिस्थितीत सापडलेल्या कोणालाही सांगेन, लाकडापेक्षा मला तेच जास्त मोलाचं वाटतं. लाकूड बाजारात मिळतं.

सल्ले देणाऱ्यांपैकी एक गट म्हणतो, क्यू अशीच भिंतीवर लाव, त्यांची आठवण म्हणून. भावना समजते, पण क्यू खेळायला बनते. आणि अर्धं लाकूड भिंतीवर राहतही नाही नीट, इथे उन्हाळ्यात दमट आणि हिवाळ्यात हीटर लावून हवा एकदम कोरडी, फिनिश न मारलेलं लाकूड पाणी घेतं आणि सोडतं, वाकलं की संपलं. सध्या तरी मी सगळे तुकडे उभे टांगून ठेवलेत, भिंतीला टेकवून नाही, बेसमेंटमध्ये तर नाहीच.

दुसरा गट जास्त त्रासदायक. एका डीलरने मला सरळ सांगितलं की कोणाकडूनही पूर्ण करून घे, खाली त्यांचं नाव टाक, "शेवटची क्यू" म्हणून दुप्पट भाव येईल, कोण विचारतंय. मला राग आला आणि अजून आहे. विचारतात हो लोक, आणि विचारत नाहीत तेव्हा फसतात. जॉर्ज बालाबुश्का हे ह्या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव, रशियात जन्मले, लहानपणी १९२४ मध्ये अमेरिकेत आले, ब्रुकलिनमध्ये १९५९ पासून १९७५ मध्ये वारेपर्यंत क्यू बनवत राहिले. त्यांच्या नावाने इतक्या नकली क्यू बाजारात आल्या की आज खरी घ्यायची तर जाणकाराला दाखवल्याशिवाय कोणी पैसे टाकत नाही. एका खोट्या सहीमुळे पुढच्या सगळ्या खऱ्या क्यूंवर संशय येतो, आणि तो संशय दूर करायला कारागीर स्वतः हयात नसतो.

पण बालाबुश्कांचंच उदाहरण दुसऱ्या बाजूनेही बघा. त्यांच्या कितीतरी क्यूंचे ब्लँक, म्हणजे पॉइंट बसवलेला कच्चा बट, हे दुसऱ्यांनी बनवलेले होते. सुरुवातीला ब्रन्सविक कंपनीचे टायटलिस्ट ब्लँक वापरले, नंतर शिकागोच्या बर्टन स्पेनचे, आणि पुढे गस झाम्बोटींचे, जे स्वतः पेनसिल्व्हेनियातले एक नंबरचे कारागीर होते. आज जाणकार मंडळी क्यू हातात घेऊन सांगतात की ब्लँक स्पेनचा आहे की झाम्बोटीचा, आणि त्याने क्यूची किंमत कमी होत नाही, उलट इतिहास पक्का होतो. म्हणजे एका क्यूला दोन हात लागणं ह्यात कमीपणा काहीच नाही. जे म्हणतात की दुसऱ्याने हात लावला तर ती "त्यांची" राहणार नाही, त्यांना माझं हेच उत्तर आहे. पॉइंट त्यांचेच राहतील, फक्त बाकीचं त्यांचं नाही हे सांगावं लागेल, आणि ते सांगायला लाज का वाटावी?

म्हणून मी काय करतेय तर आधी सगळ्या तुकड्यांचे फोटो काढलेत, पेन्सिलीच्या नोंदीचे जवळून, कारण पिन बसवताना आणि ते टोक साफ करताना ती नोंद जाणारच. जो कारागीर पूर्ण करणार आहे त्याला सांगितलंय की तुझं नाव तू टाक, तुझ्या पद्धतीने, आणि सोबत एक कागद कर की फोरआर्म आणि हँडल कोणाचं, बाकी कोणाचं. क्यू पुढे कधी विकली गेली तर कागद सोबत जाईल. डिझाइनमध्ये काही वाढवायचं नाही. त्यांनी चार पॉइंट ठरवले होते, जास्तीचे इनले, म्हणजे नक्षीचे तुकडे, घालून ती "स्पेशल" करायची काहीच गरज नाही.

एक गोष्ट अडली, ती म्हणजे हस्तिदंत. जुन्या कारागिरांकडे हस्तिदंताचे तुकडे पडून असतात आणि माझ्या कारागिरांकडेही जॉइंटसाठी काढून ठेवलेला एक तुकडा होता. न्यू जर्सीने २०१४ मध्येच हस्तिदंताच्या विक्रीवर कायदा केला आणि जुलै २०१६ पासून अख्ख्या देशातच नियम फार कडक झालेत, जुन्या तयार वस्तूंना थोडी सूट आहे पण आज नव्याने बसवलेला तुकडा त्यात कसा बसणार. कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. एल्फोरीनसारखं बनावट हस्तिदंत मिळतं, ते लावू. लाकडाचंही बघावं लागतं, माझ्या क्यूत नाही पण पुष्कळ क्यूंमध्ये रोजवुड असतं, आणि ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सगळ्यात कडक यादीत आहे. पुण्या-मुंबईच्या भाच्याला जुनी अमेरिकन क्यू पाठवायचा विचार असेल तर लाकूड कुठलं ते आधी विचारा, नाहीतर कस्टममध्ये अडकून बसेल.

आणि पैशाचं. अॅडव्हान्स दिला म्हणजे अर्धी वस्तू आपोआप आपली होत नाही, ती आधी त्यांच्या घरच्यांची असते, मागायची ती रीतसर, पावती दाखवून. मला मिसेसनी स्वतःहून दिली तरी झालेल्या कामाचे उरलेले पैसे मी त्यांना दिले. चार पॉइंट म्हणजे काही दिवसांचं काम नाही. माझ्या ओळखीचे काही जण मात्र अंत्यविधी झाल्या झाल्या "माझ्या क्यूचं काय" म्हणून फोन करत होते. दोन-चार महिने थांबा हो. लाकूड थांबतं.

हे सगळं मराठी पेपरला का लिहितेय असं वाटेल. आमच्या मिरजेत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, सतारमेकरांच्या घरात वडिलांनी भोपळा बसवून ठेवलेला तानपुरा मुलगा किंवा पुतण्या पूर्ण करतो, जवारी, म्हणजे तार झणकारावी म्हणून घोडी घासायचं काम, तिसराच कोणी करतो, आणि तानपुरा मैफिलीला जातो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग मिळाला, म्हणजे आता वाद्य कुठलं ह्याची नोंद कायद्याने आली. पण एकाच वाद्यात कुठला हात कोणाचा ही नोंद घराघरात कशी ठेवतात, आत चिठ्ठी लावतात, वहीत लिहितात की नुसतं तोंडी चालतं, हे मला जाणून घ्यायचंय. आपल्या वाचकांत मिरजेची कारागीर मंडळी नक्की आहेत, त्यांनी कृपया ह्याच सदरात लिहावं, म्हणजे माझ्या क्यूचा कागद करताना मला त्याचा उपयोग होईल.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी